पाखरांची पारध : शिकणारा कोण आणि गुन्हेगार कोण?

शिकार हा विषय आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. जमिनीचा, शिक्षणाचा, अत्याचाराचा प्रश्न दारात उभा असताना तित्तर-लाव्यांची चर्चा करायला आपल्याला सवड आहे काय? माझे उत्तर असे की, या देशात तित्तर धरण्याच्या प्रश्नातसुद्धा वर्णव्यवस्था शिरलेली आहे. पाखरू कोणी मारले यावरून त्या मारण्याचे नाव ठरते. राजाने मारले तर ती मृगया, साहेबाने मारले तर तो खेळ, आणि पारध्याने फाशात धरले तर तो गुन्हा. पाखरू तिन्ही ठिकाणी सारखेच मरते. बदलते ते मारणाऱ्याचे स्थान.

नाशिकच्या महाविद्यालयात शिकवताना दरवर्षी एकदोन विद्यार्थी मला असे भेटतात की, ज्यांना बंदुकीचे आणि रानाचे आकर्षण असते. "सर, पाखरांची शिकार शिकायची तर सुरुवात कुठून करायची?" असे ते विचारतात. प्रश्न बाळबोध आहे, पण उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर मांडतो. पूर्वी शिकारीला कोण कशी सुरुवात करीत असे, कायदा काय म्हणतो, आणि आजच्या नवशिक्याने काय करावे, या क्रमाने.

पूर्वीचे नवशिके तीन प्रकारचे होते. त्यांतला पहिला बंदूकवाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची बंदी झाली. तेव्हा या नवशिक्याची पहिली पायरी रानात नव्हती, कचेरीत होती. परवाना मिळण्यासाठी माणूस संस्थानिक, जमीनदार, अधिकारी किंवा त्यांच्या मर्जीतला असावा लागे. पुढची पायरी पुस्तकांची. ह्यूम आणि मार्शल या दोन इंग्रजांनी १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानातील शिकारीच्या पाखरांवर तीन खंड प्रसिद्ध केले. कोणते बदक कुठल्या महिन्यात कुठे उतरते, तित्तर कसा उठतो, लावा किती उंच उडतो, हे सारे नवशिक्याला घरबसल्या वाचायला मिळे. ह्या ज्ञानाचा बराच भाग रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा झालेला असणार हे उघड आहे. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्या माणसांची नावे येत नसतात.

तिसरी पायरी हाक्याची. झुडपातली पाखरे उठवायला, पडलेली वेचून आणायला माणसे लागत. साहेबाचा मुक्काम गावाला पडला की ही माणसे आपसूक हजर होत, कारण हजर न होण्याचा अधिकार त्यांना नव्हता. महार वतनाच्या कामांना सीमाच नव्हती. सरकारी माणूस सांगेल ते काम, सांगेल त्या वेळी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बेहिशेबी राबणुकीविरुद्धच. ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा जुन्या छायाचित्रांत बंदूक घेऊन बसलेला साहेब दिसला की, चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे याचाही विचार वाचकांनी करावा.

या खेळाची परिसीमा पाहायची तर राजस्थानातल्या भरतपूरला जावे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ तेथे बदकांची शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. हा आकडा लपवून ठेवला गेला नाही. तो दगडावर कोरून ठेवला, आणि तो दगड आजही तेथे उभा आहे. चार हजार पाखरांचा हिशेब दगडावर अभिमानाने कोरला जातो, आणि त्याच काळात चार तित्तर घेऊन बाजाराला निघालेला पारधी चौकीवर बसवला जातो. एवढी एक तुलना नीट समजली तरी या लेखाचे निम्मे काम झाले.

दुसरा नवशिका म्हणजे फासेपारध्याचे पोर. त्याला परवाना नव्हता आणि पुस्तकही नव्हते. त्याची शाळा चालायला लागल्यापासून सुरू होई. आधी नुसते बसायला शिकायचे, कारण हलणाऱ्या माणसाजवळ पाखरू येत नाही. मग आवाज. नर तित्तर पहाटे कोणत्या दिशेने बोलला, एकटा होता की समोरून उत्तर आले, हे कानाने ओळखायचे. मग माग. धुळीतली नखांची रेघ, पाखरांनी अंग घोळलेली माती, विष्ठा, गळालेले पीस. या सगळ्यावरून कळप कोणत्या वाटेने चरायला जातो हे ठरे. त्यानंतर हातात फासा येई. घोड्याच्या केसांची किंवा जनावराच्या तातीची बारीक सरकती गाठ, तिच्याखाली बांबूची खुंटी, आणि अशा अनेक फाशांची एक ओळ. पिंजऱ्यात माणसाळलेला तित्तर ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण घुसले म्हणून भांडायला धावून येई आणि फाशात पाय अडकवून घेई. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालत चालत पाखरांजवळ जात. गुरे चरताहेत असे समजून पाखरू उडत नसे.

हे वर्णन मी कौतुकासाठी करीत नाही, आणि कोणी ते करून पाहावे म्हणूनही करीत नाही. सांगायचे ते इतकेच की ही एक विद्या आहे. पाखराचा स्वभाव, त्याचा हंगाम, त्याची भीती आणि त्याचा राग माहीत असल्याशिवाय फासा बसत नाही. बंदुकीला पाखरू दिसले की पुरते. फाशाला ते समजावे लागते. विद्यापीठात याच माहितीला पक्षिवर्तनाचा अभ्यास म्हणतात आणि त्यावर पदव्या देतात.

तिसरा नवशिका आमच्यासारखा. येवला तालुक्यातल्या कोरड्या गावात शेतमजुराच्या घरी जन्मलेला. आमच्या हातात फासा नव्हता, गोफण होती. बाजरी-ज्वारी दाण्यावर आली की मालकाच्या शेतात माळ्यावर बसून भोरड्यांचे थवे हाकलायचे, आणि त्याबद्दल सुगीला थोडे धान्य घरी यायचे. पाखराशी आमचे नाते हे असे राखणीचे. त्याने खाल्ले तर मालक आमच्यावर ओरडे. मधल्या वेळी बेचकीने एखादा होला पाडून पोरे तो काट्याकुट्यांवर भाजून खात. त्याला शिकार म्हणावे असे कोणाला वाटले नाही. ती भूक होती. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वर्गात उभा राहून 'निसर्ग आणि मानव' यावर व्याख्यान देतो तेव्हा या गोफणीची मला आठवण ठेवावी लागते, नाहीतर निसर्ग ही पोट भरलेल्यांनी पाहण्याची वस्तू आहे असेच मीही सांगू लागेन.

आता संस्कृतीकडे पाहू. आपल्या परंपरेत आदिकाव्याचा जन्मच पाखराच्या शिकारीतून झाला असे सांगतात. निषादाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, वाल्मीकीचे मन कळवळले, आणि शोकातून श्लोक आला. तो श्लोक म्हणजे निषादाला दिलेला शाप. मादीचे दुःख ऋषीला दिसले ही मोठीच गोष्ट. पण त्या निषादाच्या झोपडीत चूल पेटली होती की नाही, हे काव्यात कोणी विचारत नाही. त्याच रामायणात दशरथ शब्दवेधी बाण मारून श्रावणाला ठार करतो. त्यालाही शाप मिळतो, पण तो शोकांतिकेचा नायक ठरतो. दुष्यंताच्या मृगयेतून तर प्रेमकथा फुलते. आणि आमच्या नाशिकचे काय? पंचवटीची सारी कीर्ती ज्या कथेवर उभी आहे तीत एक राजपुत्र सोन्याच्या हरणामागे धनुष्य घेऊन धावला. त्या शिकाऱ्याचे मंदिर झाले. त्याच काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून आमच्या माणसांना आत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि तो पाच वर्षे चालला. एक शिकारी गाभाऱ्यात आणि दुसरा वेशीबाहेर, ही मांडणी शिकारीने केलेली नाही. ती जातीने केलेली आहे.

शब्दांतही हेच दिसते. 'पारध' या शब्दाचे मूळ 'पापर्द्धि' या संस्कृत शब्दात सांगतात. म्हणजे पापाची वाढ! राजाच्या मृगयेला मात्र हे नाव कोणी लावत नाही. ज्याचा धंदा तोच पापी, आणि ज्याचा षोक तो पराक्रमी.

या पापाला इंग्रजांनी कायद्याचा शिक्का दिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लागली, वस्तीला तारेचे कुंपण पडले. मनूने जे धर्माच्या नावाने केले ते साम्राज्याने बंदोबस्ताच्या नावाने केले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आणि या माणसांना पाच वर्षे अधिक थांबावे लागले. त्यानंतरही मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. जुने पाणी नव्या घागरीत. याला अपवाद म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नाव घेतले पाहिजे. ते स्वतः शिकारीचे शौकीन होते, पण त्यांनी पारध्यांना चोर म्हणून हाकलले नाही. त्यांना आसरा व काम दिले, आणि १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. विद्या ओळखणारा राजा असला तर काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

आता आजचा कायदा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही जातींची शिकार करण्याची व पाखरे धरण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. तेव्हा शिकार शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की, आपल्या देशात रानपाखरांची हौसेची शिकार करण्याचा परवाना कोणालाच मिळत नाही. बंदुकीचा परवाना असला तरी तो पाखरे मारण्याचा परवाना नव्हे. शिवाय कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर आलेच, पण फासा लावणे, पकडणे, विष घालणे, आमिष दाखवणे, हाका घालणे, अंडी उचलणे, घरटे मोडणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न करणे म्हणजेही शिकारच. छऱ्याच्या बंदुकीने होला पाडणारा तरुण कायद्याच्या भाषेत शिकारीच ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अभयारण्यात शिकार केली तर कैद किमान तीन वर्षे.

हा कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पाखरे संपू शकतात. अमेरिकेत एके काळी आकाश झाकून टाकणारी प्रवासी कबुतरे होती. शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्यानंतर १९१८ साली तेथे स्थलांतरित पाखरांसाठी कडक कायदा झाला. आजही त्या देशांत शिकार चालते, पण हंगाम आणि संख्या ठरवून दिलेली असते. जर्मनीत तर परवान्याआधी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे माळरानेच उरली नाहीत. माळ नांगरला गेला, ऊस आला, द्राक्षबागा आल्या, औषधांची फवारणी आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकासारखे पाखरू महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसे झाले. त्याचा माळ कोणी खाल्ला, हे विचारले पाहिजे. माळ खाणाऱ्याला प्रगतिशील शेतकरी किंवा उद्योजक म्हणतात. फासा लावणाऱ्याला आरोपी म्हणतात.

आणखी एक तपशील कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या अनेक पारंपरिक हक्कांना मान्यता दिली, पण शिकारीचा आणि प्राणी-पाखरे धरण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे मध गोळा करणाऱ्याची विद्या हक्क झाली, मासे धरणाऱ्याची विद्या हक्क झाली, आणि पारध्याची विद्या तेवढी गुन्हा राहिली. धंदा बंद करायचा तर पर्याय द्यावा लागतो. येथे धंदा बंद झाला, आणि पर्यायाच्या जागी चौकी उरली.

याचा परिणाम काय होतो, ते मी एका हिवाळ्यात पाहिले. आमच्या महाविद्यालयाची मुले निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षिगणनेला गेली होती. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळी बांधलेला हा बंधारा. गाळ साठून तेथे बेटे आणि दलदल तयार झाली, आणि हिवाळी पाखरांचे ते मोठे माहेर झाले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. आमच्या मुलांकडे दुर्बिणी होत्या, चित्रांची पुस्तके होती. एका मुलाकडे दोन्ही नव्हते. पण दुर्बीणवाल्याने पुस्तकाचे पान उलटण्याआधी तो पाखराचे नाव सांगे. लव्हाळ्यात न दिसणारी पाणकोंबडी त्याने आवाजावरून दाखवली. गवतात लावे आहेत, किती आहेत आणि आता कुठून उठतील, हेही त्याने सांगितले, आणि ते तेथूनच उठले. बरोबरच्या मार्गदर्शकाने कौतुकाने विचारले, "अरे, हे कुठे शिकलास?" मुलगा गप्प झाला. खाली बघून म्हणाला, "असंच, सर."

तो मुलगा पारध्याच्या वस्तीवरचा होता. 'आजोबांकडून शिकलो' एवढेच खरे उत्तर होते. पण ते उत्तर कौतुकाचे न राहता आजोबांविरुद्धची साक्ष होईल, हे त्याला विसाव्या वर्षीच समजले होते. माझ्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढली हे मी वर्गात सांगू शकतो. ते सांगण्याची ताकद मला बाबासाहेबांच्या चळवळीने दिली. या मुलाला आपल्या आजोबांचे नाव घेण्याची ताकद अजून कोणी दिलेली नाही.

येथे सलीम अलींची आठवण होते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथल्या मिलर्डसाहेबांनी त्या मुलाला रागावून हाकलले नाही. भुसा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखवली. त्या कपाटापासून एक थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला. नांदूर मध्यमेश्वरची महतीही त्यांनी ओळखली होती. त्यांच्या थोरवीला यात काही उणे येत नाही. पण मारलेले पाखरू घेऊन एक मुलगा संस्थेत जातो आणि दुसरा मुलगा ठाण्यात नेला जातो, यात पाखराचा किंवा मुलाच्या बुद्धीचा काय संबंध? कपाट उघडणारा माणूस भेटतो की नाही, एवढाच फरक.

काही बौद्ध बांधव म्हणतील, पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, मग पारध्याची बाजू कशी घेता? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाची फार मोलाची फोड केली आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. भरतपूरची ४,२७३ पाखरे कोणत्या गरजेतून मेली? फार्महाऊसवर मेजवानीसाठी छऱ्याची बंदूक चालते ती कोणत्या गरजेतून? पारध्याच्या फाशात मात्र गरज होती. ती गरजच संपावी हे आपले ध्येय असले पाहिजे. म्हणून मी फाशाचे समर्थन करीत नाही. फासा सुटावा, पण विद्या राहावी आणि माणूस ताठ उभा राहावा, एवढेच म्हणतो.

हे होऊ शकते. नागालँडमध्ये पांगती गावाजवळच्या दोयांग जलाशयावर २०१२ साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरले जात होते. गावाशी बोलणी झाली, गावानेच ठरवले, आणि २०१३ च्या हंगामात जाळी उतरली. कालचे शिकारी राखणदार झाले. तेथे गावाला आधी आरोपी ठरवले गेले नाही, म्हणून हे घडले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. मुला, तुला पाखरांमागे जायचे आहे ना? तर जा. बंदूक, बेचकी आणि फासा घरी ठेव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम धर. गावाजवळचे एकच तळे किंवा एकच माळ निवड आणि उजाडायच्या आत तेथे जाऊन तासभर नुसता बस. पहिले काही दिवस नावे शोधू नकोस, आवाज मोज. मग चाल बघ, उडणे बघ, कोण कोणाला भितो ते बघ. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपाखराला आपले लोक वारकरी म्हणतात. अशी नावे गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा कर, पुस्तकातली नंतर. वहीत तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिही. घरट्याजवळ जाऊ नकोस. दुर्बीण मिळाली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. आणि गुरू शोधायचा तर वस्तीवर जा. तेथे नम्रपणे बस, आधी चहा घे, मग विचार. त्या माणसाने शिकवले तर त्याचे नाव त्याच्या संमतीने वहीत पहिल्या पानावर लिही.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे वेगळे आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, तरी दाखल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे फिरावे लागते. जमीन नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून शाळेची सवलत नाही. ही साखळी कुठेतरी तोडायला हवी. अभयारण्यातले मार्गदर्शक, राखणदार आणि गणक नेमताना या विद्येला गुण मिळावेत अशी मागणी केली पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि विमुक्तांना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणारी भाषाही नाकारली. हा निकाल ठाण्याठाण्यात वाचून दाखवण्याचे काम आपले आहे. आणि आपल्या स्वतःच्या गल्लीतही ते काम आहे. गावात चोरी झाली की 'पारधी उतरलेत' हे वाक्य भीमनगरातही ऐकू येते. ज्यांना काल गावाने विटाळ म्हटले त्यांनी आज दुसऱ्याला चोर म्हणू नये, इतके तरी चळवळीने आपल्याला शिकवले असले पाहिजे.